साहेबाची बरखास्ती दहा महिन्यांची, आमची वीस वर्षांची

१ जानेवारी जवळ आली की पेण-रोह्याच्या नाक्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य टोमण्याचे असते. "तुम्ही इंग्रजांच्या पलटणीत होतात, तुम्हाला कसला आलाय देशाभिमान?" दुसरे वाक्य आपल्याच माणसांचे असते आणि ते अभिमानाने बोलले जाते. "इंग्रज साहेबाने पलटण दिली म्हणून आपण माणसात आलो." पहिले बोलणारा आपला विरोधक असतो. दुसरे बोलणारा आपलाच कोणी आजोबा नाहीतर काका असतो. पण दोघेही एकाच समजुतीवर उभे आहेत. अस्पृश्यांचा सैनिकी इतिहास म्हणजे इंग्रजांच्या मर्जीचा इतिहास, अशी ती समजूत. एक जण त्या मर्जीवरून आपल्याला हिणवतो, दुसरा त्या मर्जीचे उपकार मानतो.

ही समजूत खोटी आहे आणि ती कागदोपत्री खोटी ठरवता येते. त्यासाठी मी इंग्रजांचा एखादा दुष्ट सेनापती निवडत नाही. ते सोपे झाले असते. मी त्यांच्यातला सर्वांत बरा सेनापती घेतो. हिंदी शिपायांना जो आवडायचा, ज्याच्याविषयी हिंदी अधिकारी पुढेही आदराने बोलत राहिले, असा फील्ड मार्शल सर क्लॉड ऑकिन्लेक. दोन्ही महायुद्धे लढलेला आणि हिंदुस्थानचा दोन वेळा सरसेनापती झालेला हा माणूस. त्याची कारकीर्द आणि आपल्या पलटणीची कारकीर्द शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग ठरवा उपकार कोणाचे आणि कोणावर.

गरिबाचा मुलगा, पण कोणत्या घरचा गरीब?

ऑकिन्लेकचा जन्म १८८४ चा. बाप लष्करात कर्नल होता, पण मुलगा लहान असतानाच वारला. आईने ओढाताण करून मुलांना वाढवले. लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा म्हणून त्याला वेलिंग्टन कॉलेजात फीमध्ये सवलत मिळाली. पुढे सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकून १९०३ मध्ये तो अधिकारी झाला. इंग्लंडातल्या पलटणीत अधिकारी म्हणून मिरवायला घरचा पैसा लागायचा. तो नव्हता. हिंदुस्थानी सैन्यात पगार जास्त आणि राहणी स्वस्त, म्हणून तो इकडे आला. १९०४ मध्ये ६२ व्या पंजाबी पलटणीत रुजू झाला.

लक्षात घ्या, त्यालाही पोटानेच सैन्यात आणले. आपल्या माणसांनाही पोटानेच आणले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पेण, रोहा, माणगाव, महाड हा खोतीचा मुलूख. जमीन खोताची, पीक खोताचे, आणि महारांच्या वाट्याला वतनाच्या नावाखाली गावाची चाकरी. सांगावा घेऊन धावायचे, वेठ करायची, मेलेले ढोर ओढायचे आणि भाकरीचा तुकडा मागून आणायचा. अशा गावातून पलटणीत गेलेला माणूस महिन्याच्या महिन्याला रोख पगार घेऊ लागला. त्याच्या मुलांना छावणीतल्या शाळेत अक्षर ओळखता आले. तो पेन्शन घेऊन परतला तेव्हा खोतापुढे वाकण्याची गरज त्याला उरली नव्हती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते, आणि त्यांचा मुलगा १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्माला आला, हे सर्वांना माहीत आहे. त्या छावणीमागची व्यवस्था मात्र आपण विसरतो.

पोटाचे कारण सारखे होते, शिडी सारखी नव्हती. कर्नलचा पोरका मुलगा फील्ड मार्शल झाला. महाराचा मुलगा कितीही शूर निघाला तरी त्याचे छत सुभेदार-मेजरपाशी संपत होते. आणि पुढे तर शिडीच काढून घेतली गेली.

दार बंद करणारा साहेब

१८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता लॉर्ड रॉबर्ट्स. त्याच्या डोक्यात 'लढवय्या जाती' नावाचे खूळ पक्के बसले होते. उत्तरेकडचे शीख, पठाण, गुरखा, पंजाबी मुसलमान हे जन्मजात लढवय्ये. मुंबई-मद्रासकडचे लोक ढिले पडलेले, असे त्याचे मत. त्याच सुमारास, १८९० च्या दशकाच्या आरंभी, महारांची भरती बंद झाली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पडलेल्यांची नावे इंग्रजांनीच दगडावर कोरली होती. त्यात 'नाक' लावलेली महारांची नावे २२ आहेत. तो दगड जागच्या जागी होता. सरसेनापतीला तो वाचायचा नव्हता.

हे खूळ इंग्रजांचे खरे, पण त्याला खतपाणी कुठले मिळाले? जन्मावरून माणसाची लायकी ठरते हे शास्त्र इंग्रजांनी बंदुकीबरोबर विलायतेहून आणले नव्हते. ते इथे तयारच होते. वरच्या जातीचा शिपाई महार अधिकाऱ्याचा हुकूम कसा मानेल, ही अडचण इथल्याच समाजाने पुरवली होती. मनूची उतरंड आणि रॉबर्ट्सची यादी एकमेकांत नीट बसली, एवढेच.

आपली माणसे गप्प बसली काय? मुळीच नाही. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातले पेन्शनर. त्यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला, महारांचे क्षात्रत्व मांडले. शिवराम जानबा कांबळे यांनी सभा घेतल्या, आणि १९१० मध्ये दख्खनच्या महारांचा अर्ज थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्यापर्यंत गेला. ज्याला लोक 'साहेबाची मेहेरबानी' म्हणतात, तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची ही अर्ज-विनंत्यांची लढाई आहे. ती आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून ती झालीच नाही असे होत नाही.

रॉबर्ट्सचे पुढे काय झाले? नोव्हेंबर १९१४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांना भेटायला गेला, आजारी पडला आणि तिथेच वारला. साम्राज्याने त्याला मोठ्या सन्मानाने पुरले. त्याने ज्यांचे दार लावले होते, ते तोपर्यंत बाहेरच उभे होते.

तोटा पडला तेव्हा महार आठवला

पहिल्या महायुद्धात ऑकिन्लेकची पलटण आधी सुवेझ कालव्यावर तुर्कांशी लढली, मग एडनला गेली आणि मग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे कूत गावात जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या, कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. वेढा फोडायला निघालेल्या फौजेत ऑकिन्लेकची ६२ वी पंजाबी होती. जानेवारी १९१६ मध्ये हन्ना इथल्या चिखलात तिची माणसे ढीगभर पडली. वेढा काही फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने सुमारे १३ हजार माणसांसह शरणागती पत्करली.

आता कारकिर्दी कशा होतात ते पाहा. कैदेत गेलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. भूक, हगवण आणि मारहाणीने हजारो मेले. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. कैदेत असतानाच, १९१७ मध्ये, इंग्लंडच्या राजाने त्याला 'सर' केले. पुढे तो पार्लमेंटात निवडून आला. ऑकिन्लेकलाही १९१७ मध्ये शौर्यपदक मिळाले. ते त्याने लढून मिळवले होते, हे मान्य. पण ज्यांच्या जिवावर ते मिळाले त्या शिपायांची नावे कुठे आहेत, हा प्रश्न उरतोच. त्याकडे मी पुढे येतो.

युद्ध लांबले, माणसे कमी पडली, आणि १९१७ मध्ये सरकारला महार आठवला. १११ वी महार पलटण उभी राहिली. जे १८९२ मध्ये लढवय्ये नव्हते ते १९१७ मध्ये लढवय्ये कसे झाले? रक्त बदलले, की हाडे बदलली? बदलली ती साहेबाची गरज. आणि गरज संपल्यावर, १९२१ मध्ये, ती पलटण मोडली. चार वर्षेसुद्धा पुरती भरली नाहीत.

इथे कोणी म्हणेल, युद्धानंतर काटकसर होती, पुष्कळ पलटणी मोडल्या. मोडल्या, खरे आहे. पण पंजाब्याची एक पलटण मोडली तर त्याच्या जातीसाठी दुसऱ्या दहा पलटणींचे दार उघडे होते. आमची एक मोडली म्हणजे सगळेच दार बंद. काटकसर सर्वांना सारखी लागू केली असे म्हणणाऱ्यांनी हा फरक डोळ्यांआड करू नये.

या बंद दाराचा राग कुठे निघाला? महाडला निघाला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत कोकणातले जुने पेन्शनर आणि पलटणीतून परतलेली माणसे बसली होती. त्यांच्यापुढे बाबासाहेबांनी भरतीबंदीचा विषय काढला आणि सरकारने आपल्याशी विश्वासघात केला असे बजावून सांगितले. ज्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणतात, त्यांनी इंग्रजांना भर सभेत विश्वासघातकी म्हटले होते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे चवदार तळ्यावर चालत गेली. ती रांग धरून, शिस्तीत चालली, यात नवल नाही. चालायची शिस्त पलटणीतून आली होती. कुठे चालायचे ते मात्र कोणत्याही जनरलने सांगितले नव्हते.

१९४१: पलटण दिली की घेतली?

दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑकिन्लेक १९४० मध्ये नॉर्वेत लढला आणि जानेवारी १९४१ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. भरतीचे क्षेत्र वाढवावे, जुन्या मोजक्या जातींवर विसंबून राहू नये, या मताचा तो होता. गोऱ्या आणि हिंदी अधिकाऱ्यांतला भेदभावही त्याला मान्य नव्हता. हे त्याचे श्रेय आहे आणि ते मी नाकारत नाही. पण तेव्हाची परिस्थिती काय होती? सैन्य लाखांतून वीस-पंचवीस लाखांपर्यंत न्यायचे होते. मोजक्या जातींतून एवढी माणसे आणणार कुठून? गरज पुन्हा दाराशी आली होती.

या वेळी फरक एवढाच की दाराच्या या बाजूला बाबासाहेब उभे होते. त्यांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात सैन्याच्या रचनेची आकडेवारी मांडून लढवय्या जातींचे खूळ उघडे पाडले होते. पंजाबचा भरणा शौर्यामुळे झालेला नाही, १८५७ मध्ये तिकडच्यांनी इंग्रजांना साथ दिली त्याचे ते बक्षीस आहे, हा त्यांचा मुद्दा. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले. महारांची स्वतंत्र पलटण हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली. त्याच महिन्यात ऑकिन्लेकची बदली इजिप्तला झाली आणि वेव्हेल सरसेनापती झाला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

म्हणजे साहेब बदलला, मागणी बदलली नाही. पलटण झाली ती मागणारा खमका होता म्हणून आणि देणारा अडचणीत होता म्हणून. याला उपकार म्हणत नाहीत. बाजारात नडलेल्या गिऱ्हाइकाने योग्य भाव दिला तर आपण त्याचे पाय धरतो काय?

दोन बरखास्त्या

ऑकिन्लेकची पुढची गोष्ट बोधप्रद आहे. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले. त्याने आठव्या सैन्याची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि जुलैमध्ये अल् अलामीनला रोमेलला अडवले. तरीही ऑगस्टमध्ये चर्चिलने त्याला काढून टाकले. तो घरी बसला, त्याचा अपमान झाला असे इतिहासकार आजवर लिहीत आले. जून १९४३ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांत, तो पुन्हा हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. १९४६ मध्ये फील्ड मार्शल झाला.

साहेबाची बरखास्ती दहा महिन्यांची. त्यावर ग्रंथ लिहिले गेले. १११ व्या महार पलटणीची बरखास्ती १९२१ ते १९४१, वीस वर्षांची. एक अख्खी पिढी त्यात वयाबाहेर गेली. तिच्यावर किती पाने लिहिली गेली?

आणि त्याच काळातली आणखी एक गोष्ट. १ मार्च १९४३ रोजी चमार रेजिमेंट उभी राहिली. १९४४ मध्ये ती ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर कोहिमाच्या लढाईत लढली, त्या लढाईचा बहुमान तिच्या नावावर आहे. डिसेंबर १९४६ मध्ये ती मोडली. तेव्हा सरसेनापतीच्या खुर्चीत ऑकिन्लेकच होता. आणि सप्टेंबरपासून संरक्षण खाते हंगामी सरकारच्या, म्हणजे आपल्याच पुढाऱ्यांच्या हाती होते. सर्वांत बरा इंग्रज वर बसलेला, बाजूला देशी सरकार, आणि कोहिमा लढलेली अस्पृश्यांची पलटण तीन वर्षे नऊ महिन्यांत निकालात. 'साहेब चांगला होता' यावर ज्यांची भिस्त आहे त्यांनी याचे उत्तर द्यावे. 'इंग्रज गेला की अन्याय गेला' असे सांगणाऱ्यांनीही द्यावे.

उलट उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. आझाद हिंद सेनेच्या तिघा अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला. जन्मठेप झाली. जानेवारी १९४६ मध्ये ऑकिन्लेकने ती माफ केली. का? शिक्षा अमलात आणली तर देश पेटेल आणि सैन्यही हातात राहणार नाही, हा त्याचा हिशेब होता. रस्त्यावर दबाव होता म्हणून सेनापती वाकला. चमार रेजिमेंटच्या पाठीशी तसा दबाव नव्हता. भला सेनापतीसुद्धा दबावाइतकाच भला असतो, हा त्याच्या अख्ख्या कारकिर्दीचा धडा.

टोमण्याला उत्तर

आता पहिल्या वाक्याकडे वळतो. 'इंग्रजांच्या पलटणीत होतात.'

होय, होतो. पण रोह्याला लागून असलेल्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा हा जवान १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनवर एकटा तुटून पडला आणि वीरगतीला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्लंडच्या राजाचे सर्वोच्च पदक. साऱ्या जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. त्यांना कोणी गद्दार म्हणाले तर मी त्याच्याशी भांडेन. पण मग त्याच वर्षी, त्याच राजाची शपथ घेऊन, त्याच खाकी कपड्यात उभा असलेला महार रेजिमेंटचा जवान गद्दार कसा?

रोहेकर ज्यांचे नाव मोठ्या गौरवाने घेतात ते चिंतामणराव देशमुख इंग्रजांच्या आयसीएस नोकरीत होते. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये इंग्रजांनी त्यांना 'सर' केले. माणूस विद्वान आणि सचोटीचा, त्याबद्दल वाद नाही. त्यांना कोणी इंग्रजांचा हस्तक म्हणत नाही आणि म्हणूही नये. सावरकरांनी तर त्याच युद्धात हिंदू तरुणांना सैन्यात भरती व्हा असे गावोगाव सांगितले. ते 'सैनिकीकरण', ती दूरदृष्टी! बाबासाहेबांनी तेच सांगितले की ती फितुरी!

राजा एक, शपथ एक, गणवेश एक, पगार देणारी तिजोरी एक. बदलते ती फक्त जात. म्हणजे टोमणा मारणाऱ्याचा आक्षेप इंग्रजांच्या नोकरीला नाहीच. महाराच्या हातात बंदूक आली, याला आहे. त्याने तसे सरळ म्हणावे, देशभक्तीच्या आड लपू नये.

नावे आणि आकडे

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, एक संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेली. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, दोन आकडे. नाव एकाचेही नाही. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तीच तऱ्हा. गोऱ्यांची नावे, हिंदी अधिकाऱ्यांची नावे, आणि हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे. हे स्मारक ज्या युद्धस्मारक आयोगाकडे आहे, त्याने एप्रिल २०२१ मध्ये या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली. माणसे मेल्यावर शंभर वर्षांनी.

ऑकिन्लेकचा दिवसन् दिवस नोंदलेला आहे. तो कोणत्या तारखेला कुठे होता, कोणाला काय लिहिले, कोणत्या तंबूत झोपला, सगळे. १९८१ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, तो वारला, इथपर्यंत. त्याच्या हाताखाली लढलेल्या आपल्या माणसाची नोंद कुठे आहे? पेण-रोह्याच्या बौद्धवाड्यांत, पत्र्याच्या पेटीत, घडीवर फाटलेल्या डिस्चार्जच्या कागदात. पदक असेल तर मुलांच्या खेळण्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात. आजीच्या आठवणीत, जी नवऱ्याच्या मनीऑर्डरवर घर चालवत होती आणि खोताच्या माणसाला दारातून परत पाठवत होती. तिचे नाव तर आकड्यातही नाही.

'साहेबाने पलटण दिली' असे आपण म्हणतो त्याचे कारण हेच. साहेबाचे लिहिलेले आहे आणि आपले लिहिलेले नाही. ज्याचे लिहिलेले असते तोच देणारा ठरतो.

चार वर्षांचा आकडा पुन्हा आला आहे

हे सगळे जुने झाले म्हणून सोडून द्यायचे काय? पहाटे पेण-खोपोली रस्त्यावर किंवा रोहा-कोलाड रस्त्यावर पाहा. पोरे धावताना दिसतील. त्यांत आपली आहेत, कुणब्यांची आहेत, आगऱ्यांची आहेत, आदिवासी वाड्यांवरची आहेत. धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून लागण्यापेक्षा सैन्य बरे, म्हणून धावतात. १४ जून २०२२ रोजी सरकारने त्यांच्यासाठी अग्निपथ योजना आणली. भरती चार वर्षांची. त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवायचे. त्यांना पेन्शन नाही.

अग्निपथ जात पाहून भरती करत नाही, हे मला ठाऊक आहे. मी तो आरोप करतही नाही. पण १९१७ ते १९२१ हा हिशेब ज्याच्या समाजाने भोगला आहे, त्याला चार वर्षे हा आकडा ऐकून कान टवकारावेच लागतात. सैन्याने आपल्या समाजाला दिले काय होते? बंदूक नव्हे, मिरवणूक नव्हे. दिला होता कायमचा पगार, मुलांची शाळा आणि म्हातारपणीची पेन्शन. त्या पेन्शनच्या आधारावर वलंगकर लिहू शकले. रामजीबाबांच्या पोटाला पेन्शन होती म्हणून मुलाच्या शिक्षणाचा हट्ट त्यांना धरता आला. पेन्शन काढून घेतली की उरते ती गरजेपुरती भरती, आणि गरजेपुरत्या भरतीत आपला अनुभव फार जुना आहे. ज्याच्याकडे शेत आहे, दुकान आहे, मामाची ओळख आहे, तो चार वर्षांनी परत येऊन सावरेल. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, तो पंचविशीत माजी सैनिक होऊन कुठल्यातरी गेटवर पहारा करील.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जातीच्या नावाची आणखी एखादी पलटण द्या म्हणून हात पसरण्यापेक्षा कायम भरती, पेन्शन आणि अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांत आपला वाटा, हे मागा. मेहेरबानी म्हणून मिळालेली पलटण मोडता येते, हे आपण दोनदा पाहिले. हक्क म्हणून मिळालेली जागा मोडायला कायदा बदलावा लागतो, आणि कायदा बदलणाऱ्याला मत मागायला आपल्या वाडीत यावे लागते.

आणि हे मागताना हातात कागद हवा. पेण आणि रोहा तालुक्यातल्या प्रत्येक बौद्धवाडीतल्या तरुणांनी एवढे करावे. घरातल्या पेट्या उघडा. डिस्चार्जचे कागद, पेन्शनची पुस्तके, पदके, जुने फोटो यांची छायाचित्रे काढा. वहीत नाव, गाव, पलटण, नंबर, हुद्दा, भरतीची आणि सुटण्याची तारीख लिहा. त्याच्या बायकोचेही नाव लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर. १ जानेवारीला कोरेगावला जरूर जा, पण १ ऑक्टोबरला आपापल्या विहारात ती वही मोठ्याने वाचा.

कोरेगावच्या दगडावरची २२ नावे दोनशे वर्षे टिकली, कारण ती कोरली गेली. आपल्या तालुक्यांची नावे कोरायला आता कोणी जनरल येणार नाही आणि त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. हे काम आपले आहे.

जय भीम! जय संविधान!